तुला हॉर्नेट पुरे

मेंढ्या व्यायला लागल्या आणि कोकरं मरायला लागली. डकोटाच्या त्या उघड्या माळावर कोयोट कोल्ह्यांचा त्रास काही नवा नव्हता. पण लीलंड होता तोवर तो बंदूक घेऊन बाहेर पडायचा आणि मार्लिस चुलीपाशी असायची. लीलंड हिवाळ्यात गेला. त्याच्या रायफलची नळी तर त्याच्याही आधी झिजून गेली होती.

म्हणून नवी बंदूक घ्यायला ती शेजारच्या ऑरिन स्कारला सोबत घेऊन ट्वायलाच्या दुकानात गेली. ऑरिन लीलंडचा शाळेपासूनचा दोस्त. लीलंडची शवपेटी उचलणाऱ्यांत तो सगळ्यांत पुढे होता.

ट्वायलानं दोन काडतुसं काउंटरवर उभी केली. एक बारकंसं हॉर्नेट. दुसरं जाड, वर मान आवळल्यासारखं, बावीस-दोनशेपन्नास नावाचं.

"कोल्ह्यांसाठी हे घे," दुसऱ्यावर बोट ठेवत ती म्हणाली. "तुमच्याकडे वारा केवढा! हलकी, धिमी गोळी भरकटते. ही तीनशे यार्डांवरसुद्धा नेमकी बसेल."

"अगं, ती काय लढाईला निघालीय?" ऑरिन हसला. "मार्लिस, माझं ऐक. तुझा खांदा आधीच दुखरा. शिवाय याचा आवाज म्हणजे तोफ. गाभण मेंढ्या बिथरतील. तुला हॉर्नेट पुरे. जनावर जवळ येऊ दे, मग उडव."

आपला खांदा दुखतो हे त्याच्या लक्षात आहे, याचंच मार्लिसला बरं वाटलं. तिनं हॉर्नेटची बंदूक घेतली.

बंदूक हाताला गोड होती, धक्का म्हणून नाही. पण जनावर जवळ येईल तर ना! पहाटे ओढ्यापलीकडच्या उतारावर दोन राखाडी आकृत्या दिसायच्या. ती चाप ओढायची आणि गोळी अलीकडेच मातीत फुटायची. मागाहून ऑरिन यायचा. मेलेल्या कोकरांसाठी खड्डा तोच खणायचा, तिला फावड्याला हात लावू द्यायचा नाही. "लबाड जात आहे," म्हणायचा. "धीर धर."

एका सकाळी व्यायला टेकलेली मेंढीच फाडलेली सापडली. तेव्हा मार्लिस कुणाला काही न सांगता दुकानात गेली.

"ही बदलून दे, ट्वायला. ते दुसरं काडतूस चालेल अशी दे."

"सल्लागाराला विचारलंस का?"

"त्याला कशाला सारखा त्रास?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना तेच दोघं उतारावर आले. तिनं कुंपणाच्या खांबावर नळी टेकवली, दुर्बिणीतून नेम धरला, श्वास रोखला. खांद्यात कळ गेली. पलीकडे एक आकृती जागीच कोसळली, दुसरी दक्षिणेकडे पळत सुटली.

ओढा ओलांडून ती तिथं पोचली. कोल्हा नव्हता. ऑरिनच्या दोन शिकारी कुत्र्यांतली एक होती, जूनो. गळ्यात चामडी पट्टा, तोंडाला लोकर आणि रक्त. हिला मार्लिसनं स्वतःच्या हातानं बिस्किटं खाऊ घातली होती.

जूनोला पिकअपमध्ये घालून ती निघाली. सगळी वाट ती माफीचे शब्द जुळवत होती. बायको गेल्यापासून ऑरिनला या दोन कुत्र्यांशिवाय कोण होतं? नकळत सुटली असतील. त्याला हे सांगायचं कसं?

ऑरिन गोठ्यातून बाहेर आला. पिकअपमध्ये वाकून पाहिलं, जखमेवरून हात फिरवला. काय झालं, असं त्यानं विचारलंच नाही.

"कुठं होती ही?"

"ओढ्यापलीकडच्या उतारावर. ऑरिन, मला खरंच—"

"तिथवर हॉर्नेट पोचत नाही," तो म्हणाला. "कुठल्या बंदुकीनं मारलीस?"

माफी तिच्या तोंडातच राहिली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "दुकानात गेलो तेव्हाही माहीत होतं."

"बांधून ठेवायचो, गं. दोर चावून पळायची. तुला सांगितलं असतं तर गोळी घालायला लावली असतीस. म्हटलं, कोकरं जरा मोठी झाली की सोडतील नाद."

"आणि माझा खांदा?"

ऑरिन कुत्रीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. "जेवढी गेली तेवढी कोकरं माझ्याकडून घेऊन जा," शेवटी तो पुटपुटला.

"कुत्री उतरवून घे," मार्लिस म्हणाली. "मला घरी कामं आहेत."

दुसरं कुत्रं त्यानं नेब्रास्कातल्या भाच्याकडे धाडून दिलं. त्यानंतर एकही कोकरू मेलं नाही. मार्लिसनं गावात ब्र काढला नाही. पण भांडी घासताना मध्येच तिचे हात थांबायचे. वादळात लीलंडला इस्पितळात नेणारा ऑरिन, नाताळला लाकडं फोडून देणारा ऑरिन. आता यातलं खरं किती, हे तिला एकेक तपासून पाहावं लागत होतं, आणि लीलंडला विचारायची सोय नव्हती.

लोकर कातरायच्या दिवशी शेजारीपाजारी मदतीला जमले. ऑरिनही आला, हातमोजे घालतच फाटकातून आत शिरला.

मार्लिस त्याला सामोरी गेली. "माणसं पुरेशी आहेत," ती हळूच म्हणाली, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं. "तू घरी जा."

हातमोजे काढून खिशात कोंबत तो पिकअपकडे वळला. माणसं पुरेशी नव्हतीच. मार्लिसनं बाह्या वर केल्या आणि पुढची मेंढी स्वतःच ओढून घेतली.