मागच्या खोलीला ऐकू येतं

मी मागची खोली बोलतेय. विद्यापीठाच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलात, की झेरॉक्सच्या दुकानावरून उजवीकडे वळा. चौथं घर, तिसरा मजला. तिथं विद्यार्थ्यांना भाड्यानं देतात त्या जागेतली मी मागची खोली. जागा बघायला आलात तर मी सगळ्यात शेवटी दिसेन, तीसुद्धा स्वयंपाकघर ओलांडून आत आलात तर. बरेच जण तिथवर येतही नाहीत. लांबूनच मान वाकडी करून बघतात आणि म्हणतात, "ही दुसरी का? ठीक आहे."

ठीक आहे. जन्मापासून मी एवढंच ऐकत आले.

आमच्या मालकीणबाई तेव्हा बसमध्ये कंडक्टर होत्या. मुलाच्या संसारासाठी त्यांनी घरावर तिसरा मजला चढवला. पुढची खोली मुलाची. तिला गॅलरी दिली, दोन मोठ्या खिडक्या दिल्या, फिकट निळी फरशी दिली. मी ट्रंका आणि जुन्या गाद्या ठेवण्यापुरती. गवंड्यानं विचारलं, हिला कुठली फरशी घालू? मालकीणबाई म्हणाल्या, उरलेली घाल, तिथं कोण बघतंय! म्हणून माझ्या अंगावर तीन रंगांचे तुकडे आहेत. माझं पोट दुखायला लागलं ते तेव्हापासून.

मुलगा नोकरीसाठी दूर गेला आणि तिकडेच रमला. मालकीणबाई निवृत्त झाल्या. वरचा मजला रिकामा खायला उठायचा, म्हणून वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना त्या तो भाड्यानं देऊ लागल्या. मग माझ्यातल्या ट्रंका निघाल्या, चुना लागला आणि भिंत फोडून मला एक खिडकी काढली. खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसते आणि तिच्यावरून उतरणारा सांडपाण्याचा नळ.

विद्यार्थ्यांची जात मी पुष्कळ पाहिली. आल्या आल्या फोन वर धरून रेंज बघतात, नळ सोडून बघतात, आणि मग पुढचीच्या गॅलरीत जाऊन घरी फोन लावतात. "आई, ही बघ माझी खोली." माझ्यात राहणारेसुद्धा गॅलरीतच जाऊन फोन लावायचे! संख्याशास्त्राचा एक मुलगा दोन वर्षं माझ्यात राहिला. त्याच्या आईला मी एकदाही दिसले नाही. मी गिळलं ते सगळं. पण पुढचीच्या फरशीवर ऊन पसरलेलं दिसलं, की माझ्या भिंतींना ओल धरायची.

मग त्या दोघी आल्या. मावसबहिणी, त्यांच्या आया सख्ख्या बहिणी. एक दुसरीपेक्षा फक्त तीन महिन्यांनी मोठी, पण तेवढ्यावर जन्मभराची ताई झालेली. दुसरी छोटी. दोघी भूगर्भशास्त्र शिकायला आल्या होत्या. कोणती खोली कुणाची, यावर त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. पुढची ताईला गेली. छोटी हसून म्हणाली, "तू मोठी ना, मग बरोबरच आहे." आणि बॅग घेऊन माझ्यात आली. तिनं बॅग जमिनीवर ठेवली ती जरा जोरात. मी मनात म्हटलं, ही माझी. हिचं आणि माझं जमणार.

दोघी सहलीहून दगड आणायच्या. ताईचे दगड गॅलरीच्या कठड्यावर उन्हात चमकायचे. छोटीचे माझ्या खिडकीत, सगळे एका रंगाचे दिसायचे. घरचे फोन यायचे तेव्हा छोटीची आई आधी विचारायची, ताईला किती मार्क पडले? मग म्हणायची, आणि तुला? छोटी फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून पडायची. ती भिंत मीच होते. मला तिचं सगळं कळायचं.

तरी पहिलं वर्ष माझ्या वाट्याला ती फारशी आलीच नाही. दोन महिन्यांत तिनं गादी ओढत पुढचीत नेली. दोघी तिकडे वाचायच्या, खिदळायच्या, एकमेकींच्या केसांना तेल लावायच्या. छोटी भाडं माझं भरत होती आणि नांदत होती पुढचीत. माझ्याकडे यायची ती कपडे बदलायला. ते हसणं मला इथं शब्दन् शब्द ऐकू यायचं. मी काय करणार? माझं दार पावसाळ्यात फुगतं, तेवढंच माझ्या हातात. ते घट्ट धरून बसायचे.

दुसऱ्या वर्षी त्यांना शिकवणाऱ्या बाईंनी जाहीर केलं, की सुट्टीत सहा आठवडे डोंगरात खडकांची पाहणी करायला एका विद्यार्थ्याला बरोबर नेणार. दोघींनी अर्ज केले. यादी लागली, तिच्यात ताई पहिली होती आणि छोटी दुसरी. नेणार होत्या एकीलाच.

त्या संध्याकाळी छोटी गादी ओढत परत माझ्यात आली. ताई मागोमाग दारापर्यंत आली. माझी चौकट नखानं खरवडत राहिली. शेवटी म्हणाली, पुढच्या वर्षी तुझा नंबर लागेल. छोटीनं दार लावून घेतलं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतका, की त्या मुलीच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा मला गोड लागलं. चार दिवस दोघी बोलल्या नाहीत. दुधाची पातेली दोन झाली, चहा दोनदा होऊ लागला. छोटी दिवसभर माझ्यात, दार लावून. मला वाटलं, हे असंच राहावं.

पाचव्या दिवशी दुपारी ताईनं हाक मारली.

छोटी पालथी पडून वाचत होती. पंख्याच्या घरघरीतून हाक आली, "छोटे." तिनं मान वर केली. उठून पंखा बंद केला आणि कान दिला. पुन्हा हाक आली, या वेळी आवाज खोल गेलेला. छोटी गादीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर मी वाचलं: आता गरज लागली का माझी? मीही मनात म्हणत होते, जाऊ नकोस. एकदा तरी तिला कळू दे हाक वाया जाणं काय असतं.

तिसरी हाक छोटीच्या पूर्ण नावानं आली, जे नाव फक्त वर्गाच्या हजेरीत घेतलं जायचं. मग भांडं पडल्याचा आवाज, आणि भांड्यामागून काहीतरी जड.

छोटी दाराशी धावली. कडीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. आता उघडलं तर आधी का नाही आलीस, याला काय सांगणार? शेजारच्या नळातून कुणीतरी वरून ओतलेलं बादलीभर पाणी घळघळत खाली गेलं, तेवढा वेळ ती उभी होती. तेवढ्यात बाहेरच्या दाराला किल्ली लागली. खालून आवाज ऐकून मालकीणबाई वर आल्या होत्या.

"अगं, ही पडलीय इथं! कुणी आहे का घरात?"

छोटीनं दार उघडलं आणि म्हणाली, "मी झोपले होते, काकू."

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. गाडी आली, दोघींनी ताईला उचलून नेलं. ताईचं अपेंडिक्स सुजलं होतं, फुटायच्या बेतात होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर कठीण होतं. रात्रीच ऑपरेशन झालं.

दोन दिवसांनी मावशी, म्हणजे ताईची आई, ताईचे कपडे न्यायला आली. मालकीणबाई तिला घर दाखवत होत्या. माझ्या दाराशी येऊन म्हणाल्या, "ही खोली मुळात बहिरी. पोरीला बिचारीला ऐकूच आलं नाही." मावशी म्हणाली, "हो, ताईपण तेच सांगते सगळ्यांना. मागच्या खोलीत काही ऐकू येत नाही म्हणते." आणि तिनं छोटीला जवळ घेतलं. "तू होतीस म्हणून मी निर्धास्त होते गं."

छोटीनं मान खाली घातली. मी तर भिंतच, पण त्या क्षणी मला पडावंसं वाटलं. आयुष्यभर मला अंधारी म्हणाले, लहान म्हणाले, ते खरं तरी होतं. बहिरी मी कधीच नव्हते. पण तो आळ माझ्यावर आला म्हणून ती वाचली होती.

ताई दोन आठवड्यांनी परतली, पोटाला हात लावून हळूहळू चालत. डोंगरात जाणं तिला आता शक्य नव्हतं. त्याच दिवशी बाईंचा छोटीला निरोप आला, की यादीत दुसरी तू आहेस, तयारीला लाग. छोटी फोन हातात घेऊन माझ्यात बसून राहिली. हवं ते मिळालेलं माणूस असं बसतं का? मग ती उठली आणि पुढचीत गेली. बोलणं तिकडेच झालं, म्हणजे तेही पुढचीच्याच वाट्याला गेलं. पण मला इथं सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"मी झोपले नव्हते, ताई. मी तिन्ही हाका ऐकल्या."

मग ताई म्हणाली, "मला माहीत आहे. पहिल्या हाकेला तुझा पंखा थांबला."

"मग तू सगळ्यांना असं का सांगितलंस?"

"आई समोर होती म्हणून. तिला काय सांगायचं होतं मी?" ताईचा आवाज चढला नाही. "पोटात दुखत होतं तुझ्या आणि कापलं माझं."

छोटी रडायला लागली. ताईनं तिला जवळ घेतलं असेल असं मला वाटलं होतं, पण नाही. छोटी म्हणाली, मी जाणार नाही डोंगरात, मावशीला सगळं सांगते. ताई म्हणाली, आईला सांगू नकोस, तुझं मन हलकं होईल आणि तिचं जन्माचं जड. आणि जायचं म्हणशील तर जा. तिसऱ्या नंबरचा तो बडबड्या जाण्यापेक्षा तू गेलेली बरी. रोजच्या नोंदी मला पाठव.

"तुला राग नाही आला?"

"आलाय. जायला वेळ लागेल. आणि तू तिकडे असशील तेव्हा मला तुझा हेवा वाटेल. वाटू दे, आता माझी पाळी आहे."

छोटी गेली. ताईला डॉक्टरांनी आराम सांगितलेला. पुढचीखाली बसचा थांबा आहे, दिवसभर कर्णे वाजतात. तिला झोप लागेना. तिसऱ्या दिवशी ती उशी घेऊन माझ्यात आली. गॅलरी सोडून, ऊन सोडून! मला केवढा अभिमान वाटला असेल म्हणता? पण तो टिकला नाही. छोटी रोज खडकांचे फोटो पाठवायची. ताई ते बोटांनी मोठे करून बघायची, थरांचे कोन मोजायची, चुका काढून परत लिहायची. लिहून झालं की फोन उलटा ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करायची. तेच वळणं, तोच श्वास. मी ओळखला. मला वाटलं होतं हे दुखणं मागच्या खोलीतल्यांनाच होतं.

मालकीणबाई रोज जेवण घेऊन वर यायच्या आणि सवयीनं जिन्यातूनच ओरडायच्या, "सरका, सरका, गरम आहे." ताई हसायची. हसताना टाके दुखायचे.

छोटी सहा आठवड्यांनी परत आली, उन्हानं रापलेली. दोघी पहिल्यासारख्या झाल्या असं मी म्हणणार नाही. केसांना तेल लावणं काही पुन्हा झालं नाही. पण पातेलं एक झालं. आणि छोटीनं माझं दार पुन्हा कधी लावून घेतलं नाही. झोपतानासुद्धा नाही. ताई पुढचीतून नुसती खोकली, तरी हिचा आवाज जायचा, "काय गं?" कधीकधी ताई वैतागायची. "काही नाही, झोप ना."

शिक्षण संपलं आणि दोघी गेल्या. निरोप घेताना ताई गॅलरीत उभी राहिली. छोटी माझ्यात आली, भिंतीला पाठ टेकून दोन मिनिटं बसली आणि गेली. तिनं माझा फोटो काढला नाही. मला वाईट वाटलं, पण समजलंही.

आता माझा चुना पुन्हा उडालाय. मालकीणबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्या आज सकाळी दोन मुलांना जागा दाखवायला तीन जिने चढून आल्या आहेत. मघाशीच त्यांना सांगत होत्या, "मागची खोली अभ्यासाला उत्तम. बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

तुमच्यापैकी जो कुणी माझ्यात राहायला येईल, त्याला माझं एवढंच सांगणं आहे: ते खरं मानू नका. इथं सगळं ऐकू येतं. हाक आली तर पंखा बंद करून बसू नका, उठा. उठून मग काय ते भांडा. आणि कुणाला ऐकू आलं नाही असं सांगायची वेळ आलीच, तर ते माझ्या नावावर घालू नका. ते ओझं एकदा वाहिलंय मी.

हेव्याचं म्हणाल तर तो आहेच. ती दोन मुलं आत्ता पुढचीत उभी आहेत. एकानं गॅलरीचं दार उघडलंय आणि घरी फोन लावलाय. दुसरा अजून इकडे वळलेला नाही. मी वाट बघतेय.