मुद्रणशास्त्राची ओळ

विद्यापीठाला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार, आणि तिचं 'इतिहास व अभ्यासक्रम' हे प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. अंबुजा मॅडमना सगळं पाठ आहे म्हणे! आहेच पाठ. आधी दोन खोल्यांची तंत्रशाळा, मग कॉलेज, मग सरकारी तंत्रविद्यापीठ. स्थापत्य, यंत्र, कापड, चामडं, मुद्रणशास्त्र. मुद्रणशास्त्र माझ्या नवऱ्याचं. गिरिधर तिथे एकोणतीस वर्षं शिकवत होते, शेवटी विभागप्रमुख होते. गेल्या मे महिन्यात वारले.

तेरावा आटोपून प्रवेश विभागातल्या माझ्या ऑफिसात आले तर टेबलावर प्रवेशाच्या जागांची यादी. आमच्याकडे ती कोणी नव्याने करत नाही. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, विभागप्रमुखांची बदललेली नावं काढायची, पाठवून द्यायची. तपासणारा न वाचताच सही ठोकतो. मी गिरिधरांचं नाव काढायला गेले आणि अभ्यासक्रमाची अख्खी ओळच उडाली. मला कळलंदेखील नाही. तेव्हा जेवले की नाही तेही आठवायचं नाही.

यादीत नावच नाही म्हटल्यावर एकाही मुलाला तिथे प्रवेश मिळाला नाही. आज दुपारी तीनला कौन्सिल मुद्रणशास्त्र बंद करणार होती. कारण काय, तर विद्यार्थ्यांचा प्रतिसाद नाही.

सकाळी इतिहासासाठी जुन्या याद्या चाळताना माझी चूक मला सापडली. छातीत धस्स व्हायला हवं होतं. झालं नाही. मी फिल्टर कापी प्यायले, कप विसळला.

मग खाली मुद्रणशाळेत गेले. विजयेंद्र एकटाच मशीनचे रोलर पुसत होता. गिरिधरांचा विद्यार्थी, आता तिथला शेवटचा शिक्षक, आमच्यासारखाच तंजावरच्या मराठी घरातला. पुढच्या महिन्यापासून इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात जाणार होता.

"विजयेंद्र, ती ओळ माझ्या हातून गेली रे."

तो पुसतच राहिला. "माहीत आहे, अक्का."

"कधीपासून?"

"यादी लागली त्याच दिवशी बघितलं. दुरुस्तीला चार दिवस होते. नुंगंबाक्कमला तुमच्या घरी आलोही होतो. तुम्ही सरांच्या शर्टांना इस्त्री करत होतात. कसं सांगणार?"

"अय्यो, मूर्खा! सांगायचं होतंस!" वर्षभरात मी पहिल्यांदा ओरडले. "त्यांचं आयुष्य होतं रे ते! माझी कसली दया केलीस?"

मला त्याचा भयंकर राग आला होता. तशीच चुकलेली आणि त्याआधीच्या वर्षीची, दोन्ही याद्या घेऊन वर कौन्सिलच्या खोलीत गेले.

"सर, मुलांनी हा अभ्यासक्रम नाकारलेला नाही," मी रजिस्ट्रारांना म्हणाले. "मीच तो यादीतून काढला. चुकून."

त्यांनी याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. कौन्सिलने बंद करण्याचा ठराव वर्षभर पुढे ढकलला. माझ्यावर चौकशी बसवली.

"आणि एवढ्या मोठ्या विद्यापीठात हे दुसऱ्या कोणाच्याच लक्षात आलं नाही?" रजिस्ट्रारांनी विचारलं.

"नाही सर," मी म्हणाले. "कोणाच्याच नाही."