एकाच झाडाची कलमं

“तीस पुड्या पाठवल्या होत्या. तीसही पानं एकाच झाडाची आहेत, असं प्रयोगशाळावाले म्हणतात.” गावंडे सरांनी अहवाल टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला. “आता तूच सांग पायल, मी काय समजू?”

पायल टेबलासमोर उभी होती. ती अकोल्याची. रोज सकाळच्या गाडीनं अमरावतीला यायची आणि कॉलेजच्या वनस्पतीशास्त्र विभागात सरांच्या हाताखाली पीएच.डी. करायची. दाराशी उत्तमराव उभे होते. विभागामागची बाग त्यांनी एकतीस वर्षं सांभाळली होती आणि निवृत्त झाल्यावरही, सर म्हणाले म्हणून, सांभाळत होते. आत्ता सरांनी त्यांना बागेतूनच बोलावून घेतलं होतं. हाताची माती धुवायलाही वेळ मिळाला नव्हता.

“सर, मी तीस झाडांची पानं घेतली. वेगवेगळ्या पुडीत.”

“बागेतली मैदालकडीची झाडं जंगलातल्या चौदा झाडांपासून आली आहेत. चौदा. त्यांची पानं एका झाडाची कशी निघतील? तू एका झाडाखाली उभी राहिलीस, तीस पानं तोडलीस आणि पाचची गाडी पकडलीस.”

“परत घेते सर. तुमच्यासमोर घेते.”

“घेऊ ना. निकाल यायला अडीच महिने. या झाडांची कलमं पुढच्या महिन्यात जंगलात लावायची आहेत. तपासणी परत होईल पायल, पण तेव्हा तू नसशील.” सर दाराकडे वळले. “उत्तमराव, त्या दिवशी तुम्ही बागेत होते ना? हिनं वेगवेगळ्या झाडांची पानं घेतली का?”

पायलनं वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. त्या दिवशी एकेक पुडी उघडून उत्तमरावांनीच तर तिच्यापुढे धरली होती.

“मी…” उत्तमरावांनी खाली पाहिलं. “मी तिकडं पाइप लावून राहिलो होतो जी. ध्यान नव्हतं माह्यं.”

सरांनी चष्मा परत चढवला.

“पाच वाजेपर्यंत चूक लिहून दे,” सर पायलला म्हणाले. “नाहीतर मी तुझा मार्गदर्शक राहणार नाही, असं पत्र आजच विद्यापीठाला जाईल.”

उत्तमराव बागेत आले. हात धुतले, परत धुतले. अहवाल खरा होता, हे त्या इमारतीत फक्त त्यांनाच माहीत होतं.

मैदालकडीची साल उदबत्तीला लागते, मोडलेल्या हाडावर तिचा लेप लावतात. त्यामुळे मेळघाटातली झाडं लोकांनी सोलून सोलून मारली. नऊ वर्षांपूर्वी सरांनी धारणीकडच्या जंगलात हिंडून उरलेली चौदा झाडं शोधली. प्रत्येक झाडाच्या पाच फांद्यांना गुटी बांधायची, म्हणजे फांदीची साल गोल काढून तिथं ओलं शेवाळ आवळायचं आणि मुळं फुटली की फांदी कापून आणायची. हे काम उत्तमरावांवर सोपवलं होतं. त्यांच्याइतका हात अमरावतीत दुसऱ्या कोणाचा नव्हता, असं सर म्हणायचे.

ते जुलैत गेले. वनखात्याची परवानगी पाच दिवसांची. पहिल्या दिवशी पहिल्या झाडाला पाच गुट्या बांधून झाल्या. बाकी तेरा झाडं सिपना नदीच्या पलीकडे, आणि रात्रीतून नदी भरून आली. वाट दाखवायला कोरकू वस्तीतला रामलाल बेठेकर होता. तो म्हणाला, “काकाजी, उतरेगी तो जाएंगे. नहीं तो नहीं.” उत्तमराव दोन दिवस काठावर बसून राहिले. नदी उतरली नाही. सरांना फोन करून ‘झालं नाही’ एवढं सांगायचं होतं. धारणीत येऊन त्यांनी फोन हातात घेतला, नंबर काढला आणि ठेवून दिला. चौथ्या नि पाचव्या दिवशी उरलेल्या पासष्ट गुट्या त्यांनी त्याच झाडाला बांधल्या. झाड घेरदार होतं, बुंध्यापासून फुटलेलं. सरांनी चौदा नंबरांचे पत्र्याचे बिल्ले दिले होते, ते पाच पाच करून अडकवले.

“कोणाले सांगू नको,” ते रामलालला म्हणाले.

रामलाल हसला. “मेरे को पूछता कौन है?”

कापून बागेत आणलेल्या सत्तरातली बावन्न जगली. दोन वर्षांपासून फुलत होती, पण फळ एकही धरत नव्हतं. ते का, हे कळावं म्हणूनच सरांनी त्यांतल्या तीस झाडांची पानं डीएनए तपासणीला पाठवली होती.

“काका.” पायल मागे उभी होती. “पुड्या कोनी धरल्या होत्या?”

उत्तमरावांनी नळ बंद केला.

“पुडी तुमीच उघडून देऊन राहिले होते. ‘या झाडाचं वरचं पान घे, खालचं किडकं आहे’ असंही म्हनलं तुमी मले. आता पाइप लावून राहिले होते? खोटं काहून बोलले?”

“पोरी…”

“पोरी नका म्हनू.” तिचा आवाज चढला नाही. “सरांले घाबरता ना? मीबी घाबरते. पण मी कोनाचं नाव नाही घेतलं.”

ती गेली. उत्तमरावांनी उगाच एका कुंडीतलं तण काढलं. मग दुसऱ्या.

जेवायला ते घरी गेले. बायकोनं, गंगूबाईंनी ताट वाढलं आणि त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

“अवो, काय झालं? गाय मेल्यावानी तोंड करून बसले.”

त्यांनी सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. गंगूबाईंनी सगळं ऐकलं आणि भाकरी मोडली.

“मंग त्यात वाईट काय केलं? झाड चांगलं होतं ना?”

“लय चांगलं होतं.”

“मामंजीनं जिंदगीभर एकाच लिंबाच्या गुट्या विकल्या. लोक परतवाड्याहून येत. दुसऱ्या झाडाची दिली तं वापस आणून आपटत. चांगल्या एकाची शंभर करावी, हेच तं आपलं काम.”

“मीबी तेच म्हनलं मनाले. पण जंगलाचं तसं नसते. सर एकदा पोरांले शिकवून राहिले होते, मी खिडकीखाली होतो. शंभर झाडं एकच असली तं एकच रोग शंभराले खाते. अन् या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. माह्यं झाड नर असन. बावनही नर. फळ कुठून येईन?”

“हे कवा ऐकलं तुमी?”

“पाच वर्षं झाले.”

गंगूबाईंनी वरण वाढलं. मग म्हणाल्या, “तुमी तं विंचू चावला तं त्याचीबी माफी मागान. ते पोरगी काय म्हनते?”

उत्तमरावांचा घास हातातच राहिला.

विभागात ते पावणेपाचला पोचले. पायल सरांच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. समोर कोरा कागद, त्यावर पेन. तिनं काही लिहिलं नव्हतं. प्रिंटरमधून पत्र बाहेर येत होतं, त्याचा आवाज संपेपर्यंत उत्तमराव दारातच थांबले. आवाज थांबल्यावरही त्यांना वाटलं, आता फिरावं, उद्या सांगावं. उद्या सर शांत असतील.

“काय उत्तमराव?”

“पायलचं चुकलं नाही जी. मीच पुड्या धरल्या होत्या. तिनं तीस झाडांची पानं घेतली.” त्यांनी दाराची चौकट धरली. “झाडं तीस आहेत. पण सगळी एकाचीच आहेत. मी नदीपलीकडं गेलोच नव्हतो.”

सर काही न समजल्यासारखे पाहत राहिले. उत्तमरावांनी सांगितलं, अडखळत, मागचं पुढं करत. सिपनेचा पूर सांगितला, बिल्ले सांगितले.

“मला फोन का नाही केला?”

“दीड वर्ष तुमी त्या परवानगीमागं हिंडले होते.”

“मी रागावलो असतो. इतकंच ना?”

“हो जी.”

“इतकंच?”

“मले तेच लय वाटलं.”

सरांनी डोळे चोळले. “चौदा झाडांवर मी तीन लेख लिहिले उत्तमराव. दिल्लीला जाऊन बोललो.” मग पुढचं बोलले तेव्हा आवाज साधाच होता. “लेखांचं जाऊ द्या. तेव्हा तिथं चौदा झाडं होती. मागच्या उन्हाळ्यात मी मोजली, पाच आहेत. तुमचं ते झाडही गेलं. बाकीची जी आठ गेली, त्यांचं आपल्याकडे आता काहीच नाही. पानसुद्धा नाही.”

उत्तमरावांना वाटलं होतं, सर ओरडतील. त्याची तयारी त्यांनी वाटेत केली होती. या बोलण्याची केली नव्हती.

सरांनी छापलेलं पत्र उचललं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर उरलेल्या पाच झाडांची ठिकाणं लिहायला घेतली. पायलकडे न पाहता म्हणाले, “बस. जाऊ नकोस. अजून जुलै आहे. आता वनखातं ओळखतं आपल्याला, आठ दिवसांत परवानगी मिळाली तर पाचांच्या गुट्या होतील. प्रत्येकाचं पानही घ्यायचं, आधी तपासायला. नर किती, मादी किती, ते कळलं पाहिजे.” पेन थांबलं. “गुट्या बांधेल कोण?”

खोलीत कोणीच उत्तमरावांकडे पाहिलं नाही.

“मी शिकते सर,” पायल म्हणाली.

तिला शिकवलं मात्र उत्तमरावांनीच. बागेतल्या लिंबावर पाच दिवस.

“आतलं पांढरं लाकूड दिसलं पाह्यजे. हिरवं राह्यलं तं साल परत सांधते.”

“असं?”

“अजून खरवड. घाबरू नको. फांदीले दुखत नाही तितकं.”

तिचा हात चांगला होता. पहिल्या दिवशी सुतळी सैल पडायची, तिसऱ्या दिवशी पडेना. शेवटच्या दिवशी गाठ मारता मारता ती म्हणाली, “सकाळीच बोलले असते तं बरं झालं असतं काका. दुपारी मी आईले फोन केला होता, सगळं सोडून येते म्हणून. आई अजून रडते.”

उत्तमरावांनी शेवाळ पिळलं आणि तिच्या हातात दिलं.

सोमवारी सकाळी सहाला कॉलेजच्या फाटकाशी जीप उभी होती. उत्तमराव आले तेव्हा त्यांच्या खांद्याला पिशवी होती. तिच्यात दोन जोड कपडे, चाकू आणि गंगूबाईंनी दिलेल्या भाकऱ्या. त्यांना कोणी ये म्हटलं नव्हतं. नको येऊ असंही कोणी म्हटलं नव्हतं. सर पुढे बसले होते. मागे पायल आणि वनखात्याचा एक माणूस. तिसऱ्या जागेवर शेवाळाचं पोतं होतं.

पायलनं पिशवी पाहिली. “गावाले चालले का काका?”

पोतं मांडीवर घेता आलं असतं. उत्तमरावांनी सरांच्या मानेकडे पाहिलं. मान वळली नाही.

“हो,” ते म्हणाले. “दर्यापूरले. लेकीकडं.”

“सोडू का स्टँडवर?” सरांनी समोर पाहतच विचारलं.

“नाही जी. जातो मी. तुमाले उशीर होईन.”

जीप गेली. उत्तमराव फाटकाशी उभे राहिले. घर जवळ होतं. गंगूबाईंनी काही विचारलंही नसतं. ते पाचेक मिनिटं तसेच थांबले आणि मग ऑटो करून स्टँडवर गेले. दर्यापूरची गाडी लागलेली होती. ते खिडकीपाशी बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि वाहकाला पुरेशा मोठ्या आवाजात गावाचं नाव सांगितलं.

वलगावपर्यंत धारणीचा नि दर्यापूरचा रस्ता एकच. बाबा अचानक काहून आले, असं लेक विचारील, तेव्हा काय सांगायचं, हे त्यांना तोवर ठरवता आलं नव्हतं. वलगावला धारणीचा रस्ता सरळ राहिला आणि बस डावीकडे, दर्यापूरकडे वळली.