उस्तादांचा भोपळा

मित्रांनो, मी एक जुना, फुटका भोपळा आहे. करजगीत काशप्पांच्या छपरावर माझा वेल होता. विळ्याभोपळ्याचे सख्य तुम्हाला ठाऊकच आहे. पण मी निघालो कडू, म्हणून विळीपासून वाचलो. काशप्पांनी मला वेलावरच वाळू दिले आणि आपल्या लेकाच्या, तुळजारामच्या पाठीला बांधले. पोहायला शिकणाऱ्याला आमच्याकडे असा भोपळा बांधतात. शिकणारा तयार झाला की शिकवणारा गाठ सोडतो आणि आई काठावर नारळ फोडते.

तुळजारामची गाठ लवकर सुटली. तेव्हा भीमेच्या अलीकडे निजामाचे राज्य होते, पलीकडे इंग्रजांचे. जत्रेत शर्यत लागे. इंग्रजांचा काठ शिवून परत यायचे. शर्यतीचा फेटा तुळजारामने कितीतरी वर्षे दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊ दिला नाही. मी मात्र खुंटीवर धूळ खात होतो. खरे सांगतो, वाईट वाटायचे.

मग त्याचा खांदा निखळला आणि शर्यत कायमची सुटली. तो पोरांना पोहायला शिकवू लागला, लोक त्याला उस्ताद म्हणू लागले आणि माझे दिवस पालटले. अंगाला एरंडेल मिळू लागले. किती पोरे माझ्या जिवावर तरली!

उस्तादांची लेक महानंदाही शिकली. पण तिची गाठ काही सुटेना. तिच्या मागून आलेली पोरे तिला ‘भोपळेवाली’ म्हणून चिडवू लागली.

“अप्पा, औंदा तरी सोडा की,” ती म्हणे.

“अजून कच्ची हाईस.”

शेवटी रेणुकाबाई नवऱ्याला म्हणाल्या, “लोकाच्या लेकरायची गाठ सोडताव, घरच्या लेकराची कामून न्हाई?”

“माझाच जीव हुईना गं,” उस्ताद म्हणाले.

त्या जत्रेत महानंदा हट्टाने शर्यतीत उतरली. पोरीच्या जातीला हे कशाला, म्हणून चार जण कुरकुरले. पण उस्तादांच्या लेकीला अडवणार कोण? बापाने मला तिच्या पाठीला बांधलेच. परतताना मी मधल्या खडकावर आपटून तडकलो आणि गटागटा पाणी प्यायलो. पोरांना तारणारा मी, आता तिला खाली ओढू लागलो. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

“गाठ सोड, महानंदे!” काठावरून उस्ताद ओरडले. पाण्याने आवळलेली ओली गाठ कुठली सुटते? तिने हात मारणे थांबवले नाही. सगळ्यांच्या शेवटी का होईना, मला घेऊन ती काठाला लागली.

उस्तादांनी मला उचलून पाहिले, तर मी भरल्या घागरीएवढा जड. ते मटकन खाली बसले आणि रडू लागले.

“एवढं कधीपासून यायलंय तुला?”

“लई दिवस झाले, अप्पा. तुमी माझ्याकडं बघितलंच न्हाई, भोपळ्याकडंच बघत बसलाव.”

रेणुकाबाईंनी नारळ फोडला. उस्तादांनी माझी गाठ दातांनी सोडवली.

आता मी माळ्यावर पडून असतो. मित्रांनो, ज्याने तुम्हाला तारले त्याला फुटल्यावरही फेकू नका. आणि कुणाचा आधार झालात, तर गाठ कोरडी आहे तोवरच सोडा.