रखमाजीचा निरोप घेतल्याशिवाय

कुसगावच्या त्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि एझ्रा झिराडकर दुसऱ्या मजल्यावर राहत होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मोठ्या हौसेनं हे घर घेतलं, तेव्हा जिना भराभर चढायचे. पुढं अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि ते वरच अडकले. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी मोझेलही अडकली.

मोझेलनं लग्न केलं नव्हतं. लोणावळ्याच्या एका शाळेत ती भूगोल शिकवायची. वडिलांसाठी तिनं नोकरी सोडली. आता अंग पुसायचं, भरवायचं, कूस बदलायची, आणि झालं की पुन्हा तेच. भाजीला खाली उतरली तरी कान वर लागलेले. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या रस्ता अडवून उभ्या राहत, लोक गात-ओरडत भुशी धरणाकडे जात, आणि खिडकीचे गज धरून ती त्यांच्याकडे बघत राही.

झिराडकर बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले ज्यू. नातलग बहुतेक इस्राएलला गेलेले. मोझेलचा धाकटा भाऊ सॅम्सन तिकडं अश्दोदला स्थायिक झालेला. एझ्रांना घरात आबा म्हणत; त्यांनाही तिकडं जायचाच ध्यास. पेसाहच्या सणाला जेवणाच्या शेवटी ‘पुढच्या वर्षी यरुशलेमात’ म्हणायची वेळ आली की त्यांचा आवाज दरवर्षी घोगरा व्हायचा. सॅम्सननं खटपट करून दोघांना तिकडं येऊन राहायची परवानगी मिळवली. सोबत कोणी असेल तर विमानानं न्यायला हरकत नाही, असं डॉक्टरही म्हणाले. पण आबांचं एकच पालुपद, मलिदा झाल्याशिवाय निघायचं नाही.

मलिदा म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची घालून, फळांसह ताट मांडून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं देवाचे आभार मानायचे. त्यात अवघड काही नव्हतं. मोझेलनं घरीच करते म्हटलं, तर आबा म्हणाले, इथं नाही, भाजे गावात, माझ्या दोस्ताच्या, रखमाजीच्या अंगणात. बरं, भाज्याला जाऊ म्हटलं, तर म्हणाले, नंतर बघू. असं करता करता दुसरा हिवाळा आला.

मोझेलच्या मनात काय काय येई ते तिलाच सांगवत नसे. लहानपणी यरुशलेम म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. आता तिला सॅम्सनच्या इमारतीतली लिफ्ट दिसे आणि आबांपाशी बसायला आणखी एक माणूस दिसे. त्या पवित्र भूमीकडं ती सुटकेची जागा म्हणून बघत होती. त्याची लाज वाटे, आणि लाज वाटली की ती आबांवरच चिडे.

जानेवारीत एका शुक्रवारी सॅम्सनचा फोन आला. परवानगीची मुदत संपत आली होती. फोन ठेवून मोझेल आबांच्या पलंगाशी आली.

“आबा, तुम्हाला जायचंच नाहीये. तसं एकदा सांगून टाका, म्हणजे मीही आशा सोडते.”

आबांची जीभ जड झाली होती. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

“जायचंय. पण खाली कसा उतरू? चौघांनी उचलून? जिवंतपणी?”

मोझेल पलंगाच्या कडेला टेकली. हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मग आबा अडखळत बोलत राहिले. त्यांची आई बाळंतपणातच गेली. वडील तेव्हा मळवली स्टेशनवर नोकरीला होते. तान्हं पोर कुणापाशी ठेवावं कळेना. जवळच्या भाज्यातल्या एका शेतकरणीनं त्याला आपल्या रखमाजीबरोबर अंगावर पाजलं. रखमाजी आबांचा जुना दोस्त एवढंच मोझेलला ठाऊक होतं. तो दूधभाऊ आहे हे आबांनी कधी सांगितलं नव्हतं. त्याचा निरोप न घेता गेलो, तर घरी गेलो असं होणार नाही, पळालो असं होईल, असं आबा म्हणाले.

‘पळालो’ हा शब्द मोझेलला लागला.

तिनं लगेच रखमाजींच्या सुनेला, विठाबाईंना, फोन केला आणि आबांची अडचण सांगितली.

“आमचं म्हातारं तर आमी रोज तान्ह्या पोरावानी उचलून अंगणात ठिवतो,” विठाबाई म्हणाल्या. “त्यात कसली आलीय लाज? निलेशला धाडते.”

रविवारी विठाबाईंचा मुलगा निलेश दोन दोस्तांना घेऊन आला. आबांना खुर्चीत बसवून त्यांनी चादरीनं बांधलं. जिन्याच्या वळणावर खुर्ची कलली तेव्हा आबांनी डोळे गच्च मिटून घेतले. खाली आल्यावर उघडले ते थेट आभाळाकडं.

गाडी भाज्याला पोचली, तोवर मोझेलनं बोलावलेली समाजातली काही मंडळी पुण्याहून लोकलनं मळवलीला उतरली होती. रिवाजाप्रमाणं प्रार्थनेला दहा पुरुष हवेत. तेवढे काही भरले नाहीत. एक जण कुरकुरला, पण आबांनी हातानंच सुरू करा म्हणून खुणावलं. रखमाजींच्या अंगणात ताट मांडलं, प्रार्थना झाली, गाणं झालं. भाज्याची माणसं ओट्यावर बसून ऐकत होती. रखमाजी बाजेवर होते. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. चाचपडत त्यांनी आबांचा लुळा हात शोधला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. आबांनी डाव्या हातानं मलिद्याचा पहिला घास त्यांना भरवला.

“तुझ्या आईच्या वाटणीचा,” आबा म्हणाले.

निघायची वेळ झाली. आबा म्हणाले, “रखमा, येतो म्हणवत नाही. पुन्हा यायचा नाही मी.”

“मग जातो म्हन,” रखमाजी म्हणाले. “आपल्या घरला चाललेल्यानं येतो कशापायी म्हनायचं?”

“जातो,” आबा म्हणाले.

निरोप घेताना ‘जातो’ म्हटलेलं मोझेलनं जन्मात ऐकलं नव्हतं. रखमाजी मात्र मान हलवत राहिले आणि बराच वेळ त्यांनी हात सोडला नाही.

परतताना गाडी गर्दीत अडकली. आबा तिच्या खांद्यावर झोपले होते. एरवी तिचा जीव कासावीस झाला असता. आज झाला नाही. आपण कुणाकुणाचा निरोप घ्यायचा, ती आठवत बसली. शेजारची कोमल, जी मागितल्याशिवाय दूध आणून ठेवायची. शाळेतल्या शालूबाई. पुढच्या आठवड्यात ती सगळ्यांच्या दारी जाऊन आली.

इस्राएलच्या विमानतळावर सॅम्सन घ्यायला आला होता. बाहेर पडताच आबांनी चाकाची खुर्ची थांबवायला लावली. वाकता येत नव्हतं, म्हणून मोझेलनं कडेच्या झाडाखालची चिमूटभर माती त्यांच्या तळहातावर ठेवली. आबा हिब्रूत प्रार्थना म्हणाले. तू आम्हाला जिवंत ठेवलंस, सांभाळलंस, या घटकेपर्यंत आणून पोचवलंस. मोझेलनं ही प्रार्थना सणासुदीला कितीदा ऐकली होती. आज ‘सांभाळलंस’ ऐकताना तिच्यापुढं भाज्याची, शेजारची माणसं उभी राहिली, आणि तिला आमेन म्हणायला उशीर झाला.

अश्दोदच्या घरीही पलंग होता, औषधं होती, कूस बदलायची होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी सॅम्सन आबांपाशी बसला आणि तिला म्हणाला, जरा फिरून ये. मोझेल रस्त्यावर आली. समुद्र कोणत्या बाजूला आहे ते तिला ठाऊक नव्हतं. वारा येत होता तिकडं ती चालू लागली.