मालतीबाईंचे टाळ

"मिल थांबली!" म्हणत आनंदराव खुर्चीतून ताडकन उठले. डोक्यावरच्या हेडफोनची वायर ताणली, काउंटरवरचा अॅम्प्लिफायर पुढं सरकला आणि दुकानदार ऋषिराजनं तो कसाबसा धरला.

"काका, बसा, बसा! अजून मी काय लावलंच न्हाय."

आनंदराव चपला शोधत होते. चपला पायातच होत्या. समोर त्यांची मुलगी अश्लेषा ओठ दाबून हसू आवरत होती. मालतीबाईंनी मात्र आवरलं नाही.

"अहो, रिटायर झालाय तुमी. आता मिल थांबली तर थांबू द्या की."

आनंदराव ओशाळून बसले. बारामतीच्या त्या दुकानात त्यांचं हसं झालं होतं, पण साखर कारखान्याच्या वसाहतीत राहिलेल्या कुणालाही यात हसण्यासारखं काही वाटलं नसतं. त्यांची सगळी नोकरी ऊस पिळायच्या मिल हाउसमध्ये फिटर म्हणून गेली आणि क्वार्टर कारखान्याच्या भिंतीला लागून होतं. गळीत हंगाम सुरू झाला की मिलचा आवाज रात्रंदिवस घरात असायचा. त्यातच मुलं अभ्यास करायची, त्यातच सगळे गाढ झोपायचे. मात्र बिघाड होऊन मिल मध्येच थांबली की सगळी वसाहत जागी व्हायची. इतर गावांत लोक आवाजानं उठतात, तिथं शांततेनं उठायचे. बोलवायला माणूस दारात येईपर्यंत आनंदराव शर्टाची बटणं लावत निम्म्या वाटेवर असायचे. आता त्यांनी इंदापुरात हमरस्त्यालगत घर बांधलं होतं आणि निवृत्तीचा नारळही कधीच घेतला होता. पण आज हेडफोनच्या गाद्या दोन्ही कानांवर घट्ट बसल्या, बाहेरच्या गाड्या एकदम नाहीशा झाल्या आणि पायांनी आपला जुना निर्णय घेतला.

"हे मागून बंद असतात, अण्णा," अश्लेषा म्हणाली. "म्हणजे आतला आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही."

"ते कळलं मला. चांगलंच कळलं."

अश्लेषा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून पुण्यात नोकरीला होती. सुट्टीत घरी आली की कशाची ना कशाची मोजणी केल्याशिवाय तिला चैन पडत नसे. या वेळी तिनं टीव्हीचा आवाज मोजला होता. मग अण्णांना कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन तपासणी करून आणली होती. जाड, खालचे आवाज त्यांना बऱ्यापैकी ऐकू येत होते. वरच्या, बारीक आवाजांकडे जाताना मात्र कागदावरची रेघ टेकाडावरून ओढ्यात उतरावी तशी खाली गेली होती. कारखान्यात एका साहेबांनी सगळ्यांना कान झाकायचे मफ वाटले होते. मिल हाउसमधल्या सगळ्यांनी ते खिळ्याला टांगले. तपासणीला कुणी आलं की घालायचे, गेलं की पुन्हा खिळ्याला. कान झाकला तर मशीन काय म्हणतंय ते कळायचं कसं, असं सगळ्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात आनंदरावांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

कानाचं यंत्रही घेऊन झालं होतं. माणसांशी बोलायला ते ठीक होतं, पण गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटे. आनंदरावांना तर गाणंच ऐकायचं होतं. खरं सांगायचं तर एकच कॅसेट ऐकायची होती.

वसाहतीत दत्तजयंतीला बायकांचं भजन होई. एका वर्षी आनंदरावांना दुसरी पाळी होती. कार्यक्रमाला येता येणार नाही म्हणून शेजारच्या इंद्रजितनं आपला टेपरेकॉर्डर दत्ताच्या पायाशी ठेवून सगळं भजन टेप करून दिलं. मालतीबाईंना गाता येत नसे. त्या टाळ धरायच्या. हंगाम संपला, मिल बंद झाली की आनंदराव दुपारी दार लोटून ती कॅसेट लावायचे. गाणाऱ्या गोजरबाई होत्या, पण आनंदराव टाळ ऐकायचे. लग्नाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. बायकोचं कौतुक तोंडानं करायची घरात रीत नव्हती. ते फक्त "पुन्हा लाव" म्हणायचे आणि मालतीबाई रीळ मागं फिरवायच्या.

अलीकडे मोबाइलवर भरून घेतलेलं ते भजन ऐकताना त्यांना टाळ सापडत नव्हते. कॅसेट जुनी, त्यातून मोबाइलचा एवढासा स्पीकर, अशी त्यांनी समजूत काढली. अश्लेषानं पुण्यात ती कॅसेट नीट साफ करून घेतली आणि म्हणाली, "चांगल्या हेडफोनवर ऐकू. मग कळेल."

म्हणून तिघं बारामतीला आले होते. किंमत ऐकून मालतीबाईंनी पदर तोंडाला लावला होता. "एवढ्यात नवा फ्रीज येतो. आन् फ्रीज थंड तरी करतो."

"काकी, ह्याची गादी बघा, लोण्यासारखी," ऋषिराज म्हणाला.

"लोणी घरी काढते मी."

ऋषिराजनं आधी स्वस्तातला हेडफोन लावून दिला. आनंदराव डोळे मिटून थोडा वेळ ऐकत राहिले. मग महागडा लावला. पुन्हा तेच भजन.

"काय फरक वाटतो, काका?"

"गाद्या मऊ हायत."

"अहो, आवाजात!"

आनंदरावांनी हेडफोन काढून लेकीपुढं धरला. अश्लेषानं तो स्वतःच्या कानांवर घेतला आणि तिचे डोळे विस्फारले. कुणीतरी सतरंजी ओढत होतं. एक पोर रडत होतं आणि त्याची आई त्याला दाबलेल्या आवाजात दटावत होती. पेटीच्या भात्यातून हवा सुटत होती. आणि उजव्या बाजूला, अगदी जवळ, टाळ होते. प्रत्येक ठोक्यानंतर पितळेचा नाद बारीक होत होत हवेत विरत होता.

"अण्णा, किती स्वच्छ आहे हे! तुम्ही ऐका परत."

आनंदरावांनी ऐकलं. गोजरबाईंचा आवाज थोडा पांघरुणाखालून आल्यासारखा होता, पण ओळखू येत होता. पखवाज खणखणीत होता. आणि त्या सगळ्याच्या खाली, लांबवर पसरलेली, एकसारखी घरघर होती. त्यांचा चेहरा उजळला.

"मिल ऐकू येती गं! चालू हाय मिल. मी तितंच हाय बघ आता, मिलवर!"

"आणि टाळ?"

ते बोट उचलून थांबले. त्या कॅसेटमधली एक जागा त्यांना पाठ होती. तिसऱ्या अभंगात मालतीबाईंच्या टाळाची दोरी तुटली होती. टाळ तिथं एकदम थांबतात आणि उरलेला अभंग टाळांशिवाय जातो. ऐकताना दर वेळी ते तिथं हसायचे आणि मालतीबाई आत भांडी आपटायच्या.

"तिसरा लावा," ते ऋषिराजला म्हणाले. मग अश्लेषाला म्हणाले, "दुसरा हेडफोन तू घाल. दोरी तुटली की मला सांग."

ऋषिराजनं दोन्ही हेडफोन एकाच यंत्राला लावले. बाप-लेक समोरासमोर बसून ऐकू लागले. आनंदरावांनी डोळे मिटून मान थोडी उजवीकडे कलती केली होती, दाराआडचं बोलणं ऐकावं तशी. बराच वेळ गेला. अश्लेषानं हळूच त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"आत्ता," ती म्हणाली. ते ऐकू जाणार नाही हे लक्षात येऊन तिनं मनगट दाबलं.

आनंदरावांनी डोळे उघडले. आधी जसं चाललं होतं तसंच अजून चाललं होतं. काही थांबलं नव्हतं, कारण काही सुरूच झालं नव्हतं. ते अभंग संपेपर्यंत ऐकत राहिले. मग हेडफोन काढून त्यांनी तो काउंटरवर जपून ठेवला.

"चांगला हाय," ते ऋषिराजला म्हणाले. "तुमच्या मालात काय खोट न्हाय."

अश्लेषानंही आपला हेडफोन काढला. रस्त्यावर उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या खडखडत चालल्या होत्या, एक ट्रॅक्टर गाणी लावून त्यांच्यामागं अडकला होता आणि हॉर्नवर हॉर्न वाजत होते.

"बघू तर दे मला," मालतीबाई म्हणाल्या. "फ्रीजच्या मोलाचं काय असतंय ते."

अश्लेषानं हेडफोन त्यांचा अंबाडा सांभाळून डोक्यावर बसवला. ऋषिराज नवं गाणं लावायला वळला, तशी मालतीबाईंनी हात वर केला.

"नको. काय लावू नका. असंच राहू द्या."

त्यांनी डोळे मिटले. मांडीवरची पिशवी धरलेले हात सैल झाले. मग खांदे खाली आले. कपाळावरची एक आठी, जी जन्मजातच असावी असं आनंदरावांना वाटत आलं होतं, ती हळूहळू पुसली गेली. आठीशिवाय त्या अनोळखी दिसत होत्या, आणि बऱ्याच तरुण.

आनंदराव बघत राहिले. क्वार्टरमधलं स्वयंपाकघर त्यांना आठवलं. मिलच्या थरथरीनं भांडी रात्रभर किणकिणायची. मालतीबाई प्रत्येक दोन ताटांच्या मध्ये जुन्या लुगड्याची चिंधी घालून ठेवायच्या. ही बाईमाणसाची टापटीप, असंच ते समजत आले होते.

"मालती," ते म्हणाले, "मिलच्या आवाजाचा तुला तरास व्हायचा का गं?"

मालतीबाईंना ऐकू गेलं नाही. इतक्या वर्षांत आनंदरावांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. पुन्हा विचारायला हवं होतं, पण त्यासाठी तिला डोळे उघडायला लावावं लागलं असतं.

ते ऋषिराजकडे वळले. "बांधून द्या."

"अण्णा, पण तुम्हाला तर..." अश्लेषा म्हणाली.

"मला कशाला? तुझ्या आईला."

"आई गाणी कुठं ऐकते?"

"न्हाय ऐकत. म्हणून तर."

मालतीबाईंनी घरी येईपर्यंत एसटीत कुरकुर केली. गाणं न लावता कानावर ठेवायला कुणी एवढी महागाची वस्तू घेतं का, लोक काय म्हणतील, अश्लेषाच्या लग्नाचं काय. आनंदरावांनी यातलं निम्मं ऐकलं आणि सगळ्याला मान हलवली.

चार दिवसांनी, अश्लेषा पुण्याला परतल्यावर, शेजारची रेश्मा दुपारी दारात आली. रस्त्यावरून ट्रकांची रांग चालली होती.

"मालतीकाकी हायत का?" तिनं मोठ्यानं विचारलं.

आनंदरावांनी आत वळून पाहिलं. मालतीबाई खिडकीशी खाटेवर बसल्या होत्या. कानांवर हेडफोन होता. वायरचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं, ते मांडीवरच्या सुपात, निवडलेल्या पावट्यांमध्ये पडलं होतं. डोळे मिटलेले होते.

"हाय की," आनंदराव म्हणाले. "पण जरा कामात हाय. मागनं ये."

रेश्मा गेली. आनंदरावांनी दार लोटलं आणि कडी हळूच, आवाज न होऊ देता लावली. आवाज झाला असता तरी तिला तो ऐकू आला नसता. आणि झाला की नाही, हे त्यांनाही कळलं नसतं.