चालू कामाला जुनंच ड्रॉइंग

सकाळी कप विसळून झाले की मी यांच्या खोलीत जाते आणि कॉम्प्युटरचं बटण दाबते. तो सुरू व्हायला इतका वेळ घेतो की तेवढ्यात माझी चादरीची घडी होते, खिडकी उघडून होते, दिवसभराच्या गोळ्या डबीत भरून होतात. मग पडद्यावर एक चौकट येते. तुमची प्रणाली जुनी झाली आहे, ती आता सुरक्षित राहिलेली नाही, नवी घ्या. खाली दोन बटणं असतात, 'आता' आणि 'नंतर'. हे तोवर बाह्या दुमडून, चष्मा पुसून खुर्चीत बसलेले असतात. चौकट आली की हात मांडीवर ठेवतात आणि माझ्याकडे बघतात.

"बाई, बदल आलाय. तुम्ही तपासलात का?"

"तपासतेय. तोवर नंतर म्हणा."

मग ते 'नंतर' दाबतात.

आम्ही दोघं एकाच ड्रॉइंग ऑफिसात होतो. हे पेन्सिलीने यंत्राच्या भागांची ड्रॉइंगं काढायचे आणि मी ती ट्रेसिंगच्या कापडावर शाईने गिरवायची. कापड निळसर, मेणचट असायचं. आधी त्यावर खडूची भुकटी चोळायची, नाहीतर शाई धरायची नाही. प्रत्येक ड्रॉइंगच्या खाली उजव्या कोपऱ्यात चौकट असे: काढणारा, गिरवणारा, तपासणारा. तिन्ही सह्या झाल्याशिवाय कागद कारखान्यात उतरत नसे. गिरवणारीला चूक दिसली तरी दुरुस्त करायची मुभा नव्हती. समोर आहे ते गिरवायचं, आणि शंका आली तर विचारायचं. मी लागले त्याच वर्षी यांच्या एका पंपाच्या झाकणाला आठाऐवजी सात भोकं होती. मी कागद घेऊन गेले आणि म्हटलं, साहेब, इथे एक भोक राहिलंय का. यांनी कागद पाहिला, मग मला पाहिलं. म्हणाले, राहिलंय खरं, पण काढताना माझं लक्ष कुठे होतं ते विचारू नका. सगळी खोली हसली. पुढचं काय ते घरच्यांनी ठरवलं, असं आम्ही लोकांना सांगायचो.

लग्नानंतर घरात मी 'अगं' झाले, पण ऑफिसात 'बाई'च राहिले. फाटकापाशी सायकलींना कुलूप लावेपर्यंत अगं, आणि पायरी चढलो की अहो बाई. आता हे कुठल्या वेळी कुठे आहेत, ते मला त्यावरूनच कळतं. हल्ली बहुतेक वेळ ऑफिसातच असतात.

विस्मरण सुरू झालं त्याला बराच काळ लोटला. आधी नावं गेली, मग रस्ते, मग जेवण झालं की नाही ते. हा कॉम्प्युटर तेवढा राहिला. निवृत्त होताना ऑफिसात होती तीच ड्रॉइंगची प्रणाली यांनी घरी बसवून घेतली होती. रोज ती उघडतात आणि एक पंपाचं झाकण काढतात. वर्तुळ, आत वर्तुळ, मध्ये खाच, कडेने आठ भोकं. हात आपोआप चालतात. तेवढा वेळ कुणी खोलीत आलं, तर घरात काही बिघडलंय असं त्याला वाटणार नाही. संपलं की मला हाक मारतात, मी पाहते, तपासलं म्हणते. मग ते कॉम्प्युटर बंद करतात आणि त्यावर फडकं घालतात. दुसऱ्या दिवशी तेच झाकण.

मागच्या महिन्यात कॉम्प्युटर मधेच बंद पडला. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. आमच्या गल्लीत त्याला सगळे वैद्य म्हणतात, कारण यंत्राला कान लावल्याशिवाय तो स्क्रू काढत नाही. त्याने डबा उघडला, आतली धूळ ब्रशने झाडली, दोन फुगलेले तुकडे दाखवले. मागच्या दोन्ही खेपांना त्याने भंगारातल्या अशाच यंत्राचे भाग काढून बसवले होते. आता तसं यंत्र भंगारातही मिळत नाही, म्हणाला. नवा भाग टाकायचा तर त्याच्यावर ही जुनी प्रणाली चालायची नाही, नवीच घ्यावी लागेल. आणि नवीवर साहेबांची ही ड्रॉइंगची प्रणाली उघडत नाही. तिची नवी आवृत्ती मिळते, पण तिचं सगळं रूप वेगळं. मी विचारलं, असाच ठेवला तर किती चालेल. तो म्हणाला, "काकू, उद्या जाईल, नाहीतर दोन वर्षं खेचेल. जुन्या माणसासारखंच आहे, भरवसा देता येत नाही." मग यांच्याकडे बघून त्याने जीभ चावली. हे स्क्रू मोजत होते.

त्याच आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. एका आठवड्यात दोन वैद्य झाले. मी त्यांना कॉम्प्युटरचं विचारलं. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, बदलायचं असेल तर आत्ताच बदला. तुम्ही शेजारी बसून रोज दाखवलंत, तर आत्ता कदाचित नवीन हाताला बसेल. आणखी काही महिन्यांनी नाही बसणार. मी विचारलं, नाही बसलं तर जुनं परत येईल का. त्या म्हणाल्या, तसं सांगता येत नाही, एकदा घडी विस्कटली की बरेचदा जुनंही जातं.

म्हणजे आज बदलून असलेलं घालवायची तयारी ठेवायची, नाहीतर वाट बघायची, दोघांत आधी कोण बंद पडतं त्याची. यंत्र आधी गेलं, तर एका सकाळी हे बाह्या दुमडून काळ्या पडद्यासमोर बसतील. मी हे सगळं भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना पुन्हा पुन्हा मनात मांडलं. रडू वगैरे आलं नाही. वाटाणे सोलून झाले, तेव्हा सालं पातेल्यात आणि दाणे कचऱ्यात गेलेले दिसले. ते परत वेचले.

मुलगा दुसऱ्या गावात असतो. त्याचा फोन आला. त्याचं मत पक्कं होतं, रविवारी येऊन सगळं बसवून देतो म्हणाला. पडद्यावरची चित्रं जुन्या जागी ठेवीन, मागचा रंगही तोच ठेवीन, बाबांना कळणारही नाही. मी त्याला न्हाणीघरातल्या नळाची आठवण करून दिली. मागच्या वर्षी सूनबाईने जुना फिरवायचा नळ काढून एका दांड्याचा बसवला, चांगल्या मनानेच. हे अजून त्याच्यासमोर ओले हात घेऊन उभे राहतात आणि मला हाक मारतात.

"आई, तुला बदल म्हटलं की अंगावर काटा येतो."

"तुझं लग्न झालं तेव्हा नाही आला."

तो हसला. मग म्हणाला, "बाबा शुद्धीत असते तर त्यांनी काय केलं असतं? तू सांग."

एवढं मात्र त्याने बरोबर धरलं होतं. ऑफिसातून लाकडी बोर्ड निघाले आणि पहिले कॉम्प्युटर आले, तेव्हा अर्धी माणसं आजारपणाची रजा टाकून बसली होती. हे दुपारचा डबा खात खात शिकले आणि मग सगळ्यांना शिकवलं. गिरवायचं कामच संपलं, तेव्हा मलाही यांनीच शिकवलं आणि तपासणारीच्या खुर्चीत बसवलं. बोर्ड उचलून नेत होते तेव्हा मी माझ्या बोर्डाच्या कडेवरून हात फिरवत उभी होते. हे म्हणाले, "चला बाई, लाकूड आहे ते." शुद्धीत असते तर यांनी रविवारची वाट पाहिली नसती, स्वतःच 'आता' दाबलं असतं.

शनिवारपर्यंत सांगते, असं म्हणून मी फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी हे झोपले होते आणि मी यांच्या खुर्चीत बसले होते. तेव्हा मला ऑफिसातली एक ओळ आठवली. ड्रॉइंगमध्ये बदल झाला की जुने कागद कारखान्यातून परत मागवायचे आणि त्यांच्यावर 'रद्द'चा शिक्का मारायचा, अशी शिस्त होती. पण एखादा भाग आधीच यंत्रावर चढलेला असेल, अर्धा कापून झालेला असेल, तर खालचा फोरमन नवा कागद हातात घ्यायचा नाही. यांनी कधी त्याच्याशी वाद घातला नाही. अर्धं एका मापाने आणि अर्धं दुसऱ्या मापाने कापलेलं लोखंड कशालाच बसत नाही, असं हे म्हणायचे. नव्या ड्रॉइंगच्या खाली हे स्वतः लिहायचे: चालू काम जुन्या ड्रॉइंगप्रमाणे पूर्ण करावे. ती ओळ मी कित्येकदा गिरवली आहे. बदल चुकीचा आहे असं ती म्हणत नाही. चढलेलं काम उतरू द्या, एवढंच म्हणते.

मी उठून मुलाला फोन केला. म्हटलं, रविवारी ये, जेवायला ये. पण नव्या प्रणालीची ती तबकडी आणू नकोस.

"आणि उद्या बंद पडला तर?"

"तर पडला."

"मग बाबा दिवसभर काय करतील?"

"मला माहीत नाही."

मागे सूनबाई काहीतरी विचारत होती. मग तो म्हणाला, बरं आई, तू म्हणशील तसं. त्याला पटलं नव्हतं, आणि पटवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी रविवारी जेवायला काय करू ते विचारलं. काहीही कर, म्हणाला.

शनिवारी सकाळी यंत्र सुरू झालं. चौकट आली. हे माझ्याकडे वळले.

"बाई, बदल आलाय. तपासलात का?"

"तपासला. चालू काम जुन्या ड्रॉइंगप्रमाणे."

यांनी मान हलवली, अगदी पूर्वी हलवत तशी, आणि 'नंतर' दाबलं. मी स्वयंपाकघरात गेले. कणीक मळली, झाकून ठेवली. आतून माउसची टिकटिक ऐकू येत होती, मधेच थांबत होती, पुन्हा सुरू होत होती. मग हाक आली.

मी पदराला हात पुसत गेले. वर्तुळ होतं, आतलं वर्तुळ होतं, मध्ये खाच होती. कडेने भोकं सात होती. आठव्याच्या जागी मोकळी कड होती. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले.

"साहेब, इथे एक भोक राहिलंय का?"

हे पडद्याकडे बघत राहिले. बोट उचलून मोकळ्या कडेपाशी नेलं, काचेला लावलं, परत घेतलं. मी थांबले. मला घाई नव्हती.

"नाही बाई," हे म्हणाले. "एवढीच आहेत."

"बरं."

"तपासलंत ना?"

"तपासलं."

यांनी कॉम्प्युटर बंद केला. पंखा थांबेपर्यंत दोघंही तिथेच होतो. मग त्यांनी फडकं उचललं, झटकलं आणि चारी कोपरे सारखे करून यंत्रावर घातलं.